झिजलेल्या ब्रेक-पॅडची साक्ष : सर्वभूमी वाहनांतील विषम व शीघ्र झिजेचे निदान

ब्रेकचा पॅड हा झिजण्यासाठीच योजलेला भाग होय. वाहनाची गतिज ऊर्जा घर्षणाने उष्णतेत रूपांतरित करावयाची आणि तसे करताना स्वतः झिजून डिस्कला शक्य तितके वाचवावयाचे, हे त्याचे नेमून दिलेले कार्य आहे. त्यामुळे पॅड झिजला, ही तक्रार होऊ शकत नाही. तो अपेक्षेपेक्षा फार लवकर झिजला, किंवा एकाच चाकावरील दोन पॅडांपैकी एक पातळ होऊन दुसरा जवळजवळ नवा राहिला, किंवा एकच पॅड एका टोकाला जाड व दुसऱ्या टोकाला पातळ झाला, ही मात्र तक्रार आहे. अशा वेळी जुने पॅड फेकून देऊन नवे बसवावयाचे आणि वाहन चालते करावयाचे, असा प्रघात सर्वत्र दिसतो. या प्रघाताने दोष नाहीसा होत नाही. तो पुढील जोडीकडे सुपूर्द होतो. किंबहुना नवे पॅड घाईने बसविण्याची क्रियाच पुष्कळदा पुढील दोषाला जन्म देते. फेकून दिलेला पॅड हाच त्या दोषाचा पहिला आणि बहुधा सर्वांत विश्वसनीय पुरावा असतो, आणि तो वाचण्याची एक निश्चित रीत आहे.

सर्व प्रकारच्या भूमीवर चालणारे चारचाकी वाहन, ज्यास ‘एटीव्ही’ या नावाने ओळखले जाते, ते कोल्हापूरकरांस दोन रूपांनी परिचित आहे. घाट उतरून कोकणपट्टीत गेले असता पुळणीवर भाड्याने फिरविली जाणारी हँडलबारची वाहने हे त्याचे एक रूप. दुसरे, आणि अभ्यासाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे रूप म्हणजे अभियांत्रिकी महाविद्यालयांतील विद्यार्थी ‘बाहा’ स्पर्धेसाठी स्वतः बांधतात ते एकासनी वाहन. ही स्पर्धा १९७६ साली अमेरिकेतील साउथ कॅरोलिना विद्यापीठात सुरू झाली. भारतात ती ‘एसएईइंडिया’ या संस्थेने २००७ पासून भरविली आणि इंदूरजवळील पिथमपूरचे मैदान तिच्याशी निगडित झाले. कोल्हापूर व सांगली परिसरातील महाविद्यालयांचे संघ तीत उतरत आले आहेत. स्पर्धेच्या नियमांनुसार ब्रेकचे दोन स्वतंत्र द्रवमंडल असावे लागतात, परीक्षेत चारही चाके एकदम जखडावी लागतात, आणि शेवटी चार तासांच्या सहनशक्तीच्या शर्यतीत वाहन टिकावे लागते. ब्रेकची परीक्षा पहिल्या प्रयत्नात उत्तीर्ण झालेले वाहन चौथ्या तासाला ब्रेकविना उभे राहण्याची शक्यता असते, ती मुख्यतः पॅडच्या झिजेमुळे. अशा वाहनात कॅलिपर एखाद्या मोटरसायकलचा, मास्टर सिलिंडर लहान मोटारीचा, तर डिस्क व ती धरणारे ब्रॅकेट स्थानिक कारखान्यात कापून घेतलेले, असे संमिश्रण असते. प्रत्येक भाग आपल्या मूळ वाहनात निर्दोष असतो. परस्परांशी त्यांचा परिचय मात्र प्रथमच होतो. विषम झिजेची बहुतेक कारणे या नव्या सोयरिकीत दडलेली असतात.

झिजेचा मूलभूत नियम साधा आहे. थिओडोर राय या अभ्यासकाने १८६० साली असे मांडले की झिजून गेलेल्या द्रव्याचे आकारमान घर्षणात खर्च झालेल्या कार्याच्या प्रमाणात असते. पुढे १९५३ साली आर्चर्ड यांनी झिजेचे आकारमान हे अभिलंब बल व घसरण्याचे अंतर यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात आणि मऊ पृष्ठाच्या कठिणतेच्या व्यस्त प्रमाणात असते, असे सूत्र दिले. घर्षणांक स्थिर मानल्यास दोन्ही विधाने एकच होतात. यातून निदानास उपयोगी असे दोन निष्कर्ष निघतात. पॅडच्या कोणत्याही बिंदूवरील झीज ही त्या बिंदूवरील दाब आणि तेथील घसरण्याचा वेग यांच्या गुणाकारावर ठरते. म्हणून झिजलेल्या पॅडचा आकार हा त्याच्या सेवाकालातील दाबाच्या वाटणीचा नकाशाच असतो. आणि संपूर्ण पॅडची एकंदर झीज ही त्याने शोषलेल्या ऊर्जेची नोंदवही असते. आकार विषम असेल तर दाबाचा विचार करावा. आकार सम असून झीज मात्र शीघ्र असेल तर ऊर्जेचा हिशेब तपासावा. या दोन प्रश्नांची गल्लत झाली की निदान भरकटते.

ऊर्जेचा हिशेब प्रथम घेऊ जाता काही अनपेक्षित गोष्टी दिसतात. चालकासह २८० किलोग्रॅम वस्तुमानाचे वाहन ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १० मीटर वेगाने जात असेल तर त्याची गतिज ऊर्जा १४ किलोज्यूल भरते. ते पूर्ण थांबविताना पुढील दोन चाके मिळून सुमारे ७० टक्के भार उचलतात असे धरल्यास पुढील एका चाकाच्या वाट्याला सुमारे ४.९ किलोज्यूल येतात. ०.८ किलोग्रॅमची पोलादी डिस्क एवढ्या ऊर्जेने जेमतेम बारा-तेरा अंश सेल्सिअसने तापेल. आता याच चाकाचा पॅड ब्रेक सोडल्यावरही डिस्कला किंचित टेकून राहतो आणि अवघे २ न्यूटन-मीटर रोधक परिबल निर्माण करतो, अशी कल्पना करावी. चाकाची त्रिज्या ०.२८ मीटर व वाहनाचा सरासरी वेग सेकंदाला ७ मीटर धरल्यास चाकाचा कोनीय वेग सेकंदाला २५ रेडियन होतो आणि पॅडवर अखंड ५० वॉट शक्ती खर्च होत राहते. चालकास हे जाणवणारही नाही. परंतु चार तासांत ही ऊर्जा ७२० किलोज्यूल होते. म्हणजे त्या चाकापुरते बोलावयाचे तर पूर्ण वेगातून जवळजवळ १४७ वेळा वाहन थांबविण्याइतकी. चालक फार ब्रेक मारतो, या नेहमीच्या आरोपाची शहानिशा करण्यापूर्वी हा आकडा ध्यानात घेणे न्याय्य ठरेल.

घाटाचा हिशेब याहून कठोर आहे. गगनबावड्याहून करूळ किंवा भुईबावडा घाटाने कोकणात उतरताना ५०० मीटरचा उतार धरला, तरी वरील वाहनाची स्थितिज ऊर्जा सुमारे १,३७० किलोज्यूलने घटते. ही ऊर्जा जवळजवळ ९८ थांब्यांची आहे. तिचा काही अंश हवेचा व चाकांचा रोध घेतो, काही अंश एंजिनाने घ्यावयाचा असतो. पण बहुतेक सर्वभूमी वाहनांत पट्ट्यावर चालणारा सतत-परिवर्ती गतिबदल, म्हणजे सीव्हीटी, असतो. वेग उतरला की त्याची केंद्रोत्सारी पकड सुटते आणि एंजिनाचा रोध चाकांपर्यंत पोहोचत नाही. काही उत्पादक यासाठी एंजिन-रोधाची वेगळी योजना करतात. ती नसेल तर उतारावरील सारी ऊर्जा ब्रेकवरच येते, आणि गिअरच्या मोटारीवर शिकलेला चालक हे विसरतो. शिवाय सीव्हीटीच्या वाहनात डावा पाय मोकळा असल्याने तो ब्रेकच्या पायपट्टीवर विसावण्याची सवय जडते. या सवयीची खूण अशी की सर्व पॅड सम आकारात, परंतु लवकर झिजतात, आणि त्यांच्या पृष्ठावर काचेसारखी चकाकी येते.

ऊर्जेच्या हिशेबात न मावणारा तिसरा घटक म्हणजे माती. राय किंवा आर्चर्ड यांच्या सूत्रातील झीज-गुणांक स्वच्छ पृष्ठांसाठी एक असतो आणि मध्ये कठीण कण शिरले की तो अनेक पटींनी वाढू शकतो. कोल्हापूर जिल्हा या दृष्टीने जणू एक प्रयोगशाळाच आहे. पश्चिमेस गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी या तालुक्यांत जांभ्याची तांबडी माती. गगनबावड्याचा वार्षिक पाऊस ५००० मिलिमीटरहून अधिक. पूर्वेस शिरोळकडे पाऊस त्याच्या सुमारे दशांश आणि माती काळी, चिकण. दोहोंच्या मध्ये दगडाच्या खाणी व खडीची यंत्रे, जेथील भुकटी काळ्या पाषाणाची. या तीन द्रव्यांची झिजविण्याची तऱ्हा भिन्न आहे. जांभ्यातील हेमाटाइट हे लोहखनिज मोह्‌सच्या श्रेणीत साडेपाच ते साडेसहा कठिणतेचे, पण त्यातील गिब्साइट हे ॲल्युमिनियमचे खनिज तीनच्या आसपास, म्हणजे मऊ. बॉक्साइटच्या प्रदेशातील धूळ म्हणजे जणू कुरुंदाची भुकटी, ही समजूत त्यामुळे खरी नाही. कुरुंद हे निर्जल ऑक्साइड आहे, बॉक्साइटमधील खनिजे सजल आहेत. काळ्या पाषाणातील फेल्डस्पार सहा ते साडेसहा कठिणतेचा असतो आणि यंत्रातून ताजी फुटलेली भुकटी टोकदार असते; तीन द्रव्यांत पॅड व डिस्क यांस सर्वांत घातक तीच. काळ्या मातीचे कण अतिसूक्ष्म असल्याने ती घासून फारशी झीज करीत नाही. तिचा उपद्रव निराळा आहे. ओली असताना ती कॅलिपरच्या प्रत्येक फटीत शिरते व वाळली की विटेसारखी घट्ट होते. तांबडी माती झिजविते, काळी माती जखडते, असे स्थूलमानाने म्हणता येईल.

कणांच्या झिजेबाबत एक गोष्ट प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटते. कठीण कण मऊ पॅडमध्ये रुततात, तेथे पक्के बसतात आणि समोरच्या कठीण डिस्कला कापतात. गॅरेजात व्हॉल्व्ह बसविण्यासाठी घासण्याची पेस्ट वापरणाऱ्यास हे तत्त्व ठाऊक असते. म्हणून चिखलात चाललेल्या वाहनाचे पॅड पाहताना डिस्कही पाहावी. पॅडवरील चर डिस्कवरील चरांत तंतोतंत बसत असतील आणि दोन्ही पॅड सम प्रमाणात झिजले असतील, तर कॅलिपर खोलण्याची घाई करू नये. तेथे पॅडचे द्रव्य व मातीपासून आडोसा यांचा प्रश्न आहे. राळेत बांधलेल्या सेंद्रिय द्रव्याचे पॅड चिखलात फार लवकर संपतात. तांबे-कांस्याच्या भुकटीपासून तापवून घडविलेले सिंटर्ड पॅड पुष्कळ टिकतात. परंतु हे दुसरे पॅड उष्णताही चांगली वाहून नेतात, आणि ती पिस्टनद्वारे ब्रेकच्या द्रवात शिरते. पॅड वाचविण्याच्या नादात द्रव उकळविणे हा घाटातील वाहनास परवडणारा सौदा नव्हे.

आता पॅडच्या आकाराकडे वळावयाचे. पॅड काढण्यापूर्वी, कॅलिपर चाकावर असतानाच, त्यांवर खुणा करणे ही निदानातील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित पायरी आहे. कोणते चाक, आतील पॅड की बाहेरील, वरचे टोक कोणते, डिस्क कोणत्या टोकाकडून पॅडखाली शिरते, या चार गोष्टी पॅडच्या पाठीवर लिहून ठेवाव्यात. त्यानंतर व्हर्नियरने प्रत्येक पॅडची जाडी चारही कोपऱ्यांवर मोजावी. आठ आकड्यांचा हा तक्ता एका चाकासाठी पुरेसा होतो. खूण न करता काढलेले दोन पॅड टेबलावर ठेवले असता त्यांतील अर्ध्याहून अधिक माहिती नष्ट झालेली असते, कारण झीज किती यापेक्षा ती कोठे आणि कोणाच्या समोर, हे अधिक बोलके आहे.

या आठ आकड्यांचे वाचन एका तत्त्वाने होते. जोडीतील दोन्ही पॅडांचा उतार एकाच बाजूस असेल, म्हणजे एक पॅड दुसऱ्याचे आरशातील प्रतिबिंब दिसत असेल, तर ती समरूप विषमता होय. तिचे कारण बलांत शोधावे. एका पॅडचे जे टोक जाड, नेमके त्याच्या समोरचे दुसऱ्या पॅडचे टोक पातळ असेल, तर ती व्यस्त विषमता होय. तिचे कारण भूमितीत शोधावे. व्यस्त विषमता तिरक्या कॅलिपरने निर्माण होते. कॅलिपरच्या दोन समांतर भिंती डिस्कच्या प्रतलाशी कोन करून उभ्या राहिल्या की एका बाजूचे अंतर एका टोकाशी कमी, तर दुसऱ्या बाजूचे अंतर समोरच्या टोकाशी कमी होते, आणि पॅड झिजून त्या अंतराचा आकार घेतात. हा तिरकसपणा डिस्कच्या परिघाच्या दिशेने असेल तर दोन सरकदांड्यांपैकी, म्हणजे गाइड पिनांपैकी, एक अडकली आहे आणि कॅलिपर तिच्याभोवती वळतो आहे, असा संशय घ्यावा. तो त्रिज्येच्या दिशेने असेल तर ब्रॅकेट वाकलेले आहे, किंवा वेल्डिंगच्या उष्णतेने मूळ जागेवरून सरकले आहे, किंवा चाकाच्या बेअरिंगमध्ये खेळ आला आहे. विद्यार्थ्यांच्या वाहनांत वेल्डिंगचे कारण विशेष संभवते; म्हणून ब्रॅकेटच्या बैठकीचे यंत्रण वेल्डिंगनंतर करणे श्रेयस्कर.

समरूप विषमतेचेही दोन प्रकार. डिस्क ज्या टोकाकडून शिरते ते अग्रटोक दोन्ही पॅडांत पातळ झाले असेल तर त्याचे कारण घर्षणबलाचे परिबल होय. घर्षण पॅडच्या तोंडावर कार्य करते, तर त्याचा प्रतिकार करणारा टेकू पाठीच्या पत्र्याच्या पातळीवर असतो. या दोहोंतील अंतरामुळे जे बलयुग्म उत्पन्न होते ते अग्रटोकास डिस्कवर दाबते. ही प्रवृत्ती प्रत्येक डिस्क ब्रेकमध्ये अल्पांशाने असतेच, आणि तिचा प्रतिकार म्हणून अनेक-पिस्टन कॅलिपरांत अग्रटोकाकडील पिस्टन मुद्दाम लहान ठेवतात. अशा कॅलिपराची डावी-उजवी अदलाबदल झाली तर योजनाच उलटते व विषमता कमी होण्याऐवजी वाढते. दुसऱ्या प्रकारात दोन्ही पॅडांची परिघाकडील कड पातळ होते. डिस्कचा बाह्य भाग अधिक वेगाने घसरतो हे त्याचे एक कारण. कॅलिपरचा पूल डिस्कच्या परिघावरून जात असल्याने दाबाखाली त्याचा जबडा आतील बाजूस अधिक उघडतो आणि भार बाहेरच्या कडेकडे सरकतो, हे दुसरे. लहान मोटरसायकलचा कॅलिपर जड वाहनास वापरून पायपट्टीच्या तरफेने त्यात मूळ योजनेपेक्षा अधिक दाब निर्माण केला, तर हे दुसरे कारण प्रबळ होते. मिस्त्रीने कितीही वेळा पॅड बदलले तरी ते जाणार नाही, कारण ते दुरुस्तीचे नसून आरेखनाचे आहे.

उतार नसून आतील व बाहेरील पॅडांच्या जाडीतच भेद असेल तर सरकत्या कॅलिपरची यंत्रणा आठवावी. पिस्टन आतील पॅडला ढकलतो. त्याची प्रतिक्रिया कॅलिपरास उलट ओढते आणि तो सरकदांड्यांवरून सरकून बाहेरील पॅडला डिस्कवर आणतो. दांड्यांवरील घर्षण जेवढे, तेवढे बल बाहेरील पॅडपर्यंत पोहोचत नाही. त्यामुळे आतील पॅड पातळ दिसल्यास दांड्या जड झाल्या आहेत, किंवा पिस्टन मागे येत नाही, असे समजावे. बाहेरील पॅड पातळ असेल तर कॅलिपर मोठ्या दाबाने सरकतो खरा, पण ब्रेक सोडल्यावर तेथेच अडकून राहतो, असा अर्थ होतो. दोन्ही बाजूंस पिस्टन असलेल्या अचल कॅलिपरात सरकदांड्यांचा प्रश्नच नसतो. तेथे एकाच पिस्टनाची चौकशी पुरते.

पिस्टन मागे येतो तो कोणत्याही स्प्रिंगने नव्हे. त्याच्याभोवतीचे चौकोनी छेदाचे रबरी सील पिस्टन पुढे जाताना किंचित मुरडते व दाब नाहीसा झाल्यावर पूर्ववत होताना त्यास मिलिमीटरच्या अल्प अंशाने मागे खेचते. संपूर्ण मोकळेपणा एवढाच. सील फुगले, कडक झाले, किंवा त्याच्या खोबणीत गंज व चिखल साचला की हा अल्प अंश नाहीसा होतो आणि वर हिशेबिलेले २ न्यूटन-मीटर परिबल सुरू होते. येथे भाषेने घातलेला एक घोळ नमूद करण्यासारखा आहे. ब्रेकच्या द्रवास सर्वत्र ‘ब्रेक ऑइल’ म्हणतात, परंतु डॉट ३ व डॉट ४ या प्रतींचे द्रव ऑइल मुळीच नव्हेत. ते ग्लायकॉल-ईथर वर्गातील आहेत, आणि त्यांच्यासाठी योजलेले रबर खनिज तेलाच्या स्पर्शाने फुगते. ऑइलच्या जागी ऑइल घातले, या भाबड्या तर्काने एंजिनाचे किंवा तत्सम तेल टाकीत पडले की मंडलातील प्रत्येक सील बाद होते. सरकदांड्यांना चाकाच्या बेअरिंगचे ग्रीस फासणे हा त्याच चुकीचा सौम्य प्रकार होय. दांडी काही दिवस सुळसुळीत चालते, नंतर तिचे रबरी आवरण फुगून ती पूर्वीपेक्षा घट्ट धरते. तेथे सिलिकोनचे ग्रीसच वापरावे.

ग्लायकॉल-ईथर हवेतील ओलावा शोषून घेते, ही गोष्ट गगनबावड्याच्या पावसात उपेक्षणीय नाही. डॉट ३ द्रवाचा किमान उत्कलनबिंदू कोरडा असता २०५ व ओलावल्यावर १४० अंश सेल्सिअस, डॉट ४ चा अनुक्रमे २३० व १५५ धरलेला आहे. ओलावलेला द्रव खोबणीत गंज आणतो. गंजाने पिस्टन अडकतो. अडकलेल्या पिस्टनाने डिस्क तापते. आणि तापलेली डिस्क त्याच ओल्या द्रवास उकळविते. झिजेची तक्रार येथे ब्रेक नाहीसा होण्यापर्यंत जाते.

पॅड घासत राहतो असा संशय आला म्हणजे दोष यंत्रणेत आहे की द्रवाच्या अडकलेल्या दाबात, हे ठरविण्याची एक सोपी परीक्षा आहे. ब्रेक काही वेळा दाबून सोडावा, चाक उचलून हाताने फिरवावे. ते जड फिरत असेल तर प्रथम मास्टर सिलिंडरवरील नळीचा जोड थोडा सैल करावा. चाक तत्काळ मोकळे झाले तर मास्टर सिलिंडर दाब सोडत नाही. बहुधा पायपट्टीला मोकळी चाल ठेवलेली नसल्यामुळे त्याचे परतीचे छिद्र बंद राहिलेले असते. मोकळे न झाल्यास कॅलिपरावरील हवा काढण्याचा स्क्रू सैल करावा. आता चाक सुटले तर मधली लवचीक नळी आतून सुजली आहे व एकमार्गी झडपेसारखे वागते आहे. तरीही न सुटल्यास तेथे दाबच नाही; पिस्टन किंवा सरकदांडी यांत्रिकरीत्या अडकली आहे. परीक्षा संपल्यावर मंडलातील हवा पुन्हा काढावी लागते, एवढाच तिचा खर्च. चालत्या वाहनावर हीच शंका तपासावयाची तर सपाट जागी काही अंतर ब्रेक न लावता जाऊन वाहन आपोआप थांबू द्यावे व चाकांचे तापमान ताडून पाहावे. अवरक्त तापमापक चकाकत्या डिस्कवर रोखू नये, तो फार कमी आकडा दाखवितो. पॅडच्या पाठीचा पत्रा किंवा काळ्या रंगाचा ठिपका दिलेली जागा अधिक विश्वासार्ह.

एका चाकात हवा राहिल्यामुळे त्याचे पॅड कमी झिजले, असे स्पष्टीकरण वारंवार दिले जाते. ते बरोबर नाही. एकाच मंडलातील द्रवाचा दाब स्थिर स्थितीत सर्वत्र समान असतो, मध्ये हवा असो वा नसो. हवेने पायपट्टीची चाल वाढते, चाकाचा वाटा बदलत नाही. डाव्या-उजव्या भेदाचे कारण म्हणून कॅलिपर किंवा नळी यांकडेच पाहावे. दोन स्वतंत्र मंडले तुळईने जोडली असतील तेव्हा मात्र एका मंडलातील हवेने तुळई कलंडून मर्यादेस टेकू शकते आणि पुढील-मागील वाटणी बिघडते. मागील आस अखंड असून तिच्यावर एकच डिस्क असेल, जशी ती पुष्कळ हँडलबारच्या वाहनांत असते, तर मागे डाव्या-उजव्याची तुलनाच उरत नाही.

पुढील व मागील पॅडांच्या झिजेचे गुणोत्तर द्रवयंत्रणेच्या प्रमाणाने ठरते, चाकांवरील भाराने नव्हे. भार केवळ कोणते चाक आधी जखडेल ते ठरवितो. आणि जखडलेल्या चाकाचा पॅड झिजत नाही, कारण तेथे घसरणे पॅड व डिस्क यांच्यात न होता टायर व भूमी यांच्यात होते. एंजिन मागे असल्याने स्थिर स्थितीत पुढे ४२ टक्के भार, गुरुत्वमध्याची उंची ०.५५ मीटर, आसांतील अंतर १.४ मीटर, असे वाहन गुरुत्वत्वरणाच्या ०.७ पट मंदनाने थांबते तेव्हा पुढील भार सुमारे ७० टक्के होतो. त्या मानाने आखलेला ब्रेक सैल मातीवर, जेथे मंदन याच्या निम्मेही साधत नाही, पुढील चाके अकाली जखडतो. परिणामी पुढील पॅड अपेक्षेपेक्षा टिकलेले आणि मागील मात्र संपलेले आढळतात. मागील कॅलिपरात दोष शोधत बसण्यापूर्वी हे वाहन कोणत्या भूमीवर अधिक चालले, ते विचारावे.

डिस्कविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. मोटरसायकलच्या डिस्क सामान्यतः ४१० प्रतीच्या वा तत्सम, कठीण करता येणाऱ्या निष्कलंक पोलादाच्या असतात. त्याऐवजी सहज मिळते म्हणून ३०४ प्रतीचा पत्रा कापून घेतला तर तो त्या रीतीने कठीण होत नाही, लवकर चरतो, आणि चरलेली डिस्क नव्या पॅडला कानशीसारखी घासते. वजन कमी करण्यासाठी पाडलेल्या छिद्रांच्या कडा मारल्या नाहीत तर तोच परिणाम होतो. सर्व छिद्रे एकाच त्रिज्येवर असतील तर पॅडवर त्या वर्तुळाची खूण उमटते. कोल्हापूरच्या उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव येथील ओतशाळांतून मोटारींचे बिडाचे भाग दूरवर जातात. त्या करड्या बिडातील ग्रॅफाइटची पाने घर्षणपृष्ठास फार अनुकूल असतात. परंतु बिडाची डिस्क जाड व जड ठेवावी लागते म्हणून एवढ्या हलक्या वाहनास पोलादच निवडतात. डिस्कचा डगमग डायल गेजने पाहावा. अनेक दुरुस्ती-पुस्तिका ०.३ मिलिमीटर ही मर्यादा देतात. मर्यादेपलीकडचा डगमग प्रत्येक फेऱ्यात पॅडला ठोसा देतो, त्यास मागे लोटून पायपट्टीची चाल वाढवितो, आणि चालक ती चाल भरून काढण्यासाठी पाय पट्टीवरच ठेवू लागतो.

राहिला प्रश्न नवे पॅड बसविण्याचा. पॅड झिजतो तसतसा पिस्टन बाहेर येतो, व टाकीतील द्रवाची पातळी खाली जाते. ही घट गळती नसून झिजेचे मापच आहे. ती पाहून टाकी वरचेवर भरणारा मनुष्य ते माप पुसून टाकतो, आणि नवे पॅड बसविताना द्रव टाकीबाहेर येतो. बाहेर आलेल्या पिस्टनाच्या अंगावर तोपर्यंत चिखलाचा व गंजाचा थर बसलेला असतो. स्क्रू-ड्रायव्हरने तो तसाच मागे रेटला की सारी घाण सीलच्या ओठाखाली जाते. नव्या पॅडासह वाहन त्या दिवशी उत्तम थांबते. पिस्टन मात्र त्या क्षणापासून मागे येणे सोडतो. म्हणून पिस्टन प्रथम किंचित अधिक बाहेर घ्यावा, ब्रेकच्याच द्रवाने किंवा त्यासाठीच्या क्लीनरने पुसून स्वच्छ करावा, गंजाचे खड्डे दिसल्यास बदलावा, हवा काढण्याचा स्क्रू उघडून मळलेला द्रव नळीवाटे बाहेर जाऊ द्यावा आणि मगच पिस्टन सरळ रेषेत, वाकडा न होऊ देता, मागे न्यावा. सरकदांड्या काढून पुसाव्या, त्यांची आवरणे तपासावी. जुन्या पॅडांच्या आठ आकड्यांचा तक्ता वाहनाच्या नोंदवहीत चिकटवावा आणि नव्या पॅडांची तीच मोजमापे पहिल्या दोन-तीन तासांच्या चालीनंतर पुन्हा घ्यावी. उतार असेल तर तो एवढ्या अवधीतही व्हर्नियरवर दिसू लागतो, आणि घर्षणद्रव्य १ मिलिमीटरच्या आसपास येईपर्यंत वाट पाहावी लागत नाही.